अक्कमहादेवी आणि चैत्राचे वन

वाचकहो, चैत्र लागला की आपल्या दारातला कडुनिंब कोवळ्या तांबूस पालवीने भरून येतो. पाडव्याच्या सकाळी आपण त्याचा मोहोर गुळाबरोबर खातो. सीमाभागातल्या आपल्या घरांतून त्याला बेवू-बेल्ल म्हणतात. त्यानंतर पंधरा दिवसांनी चैत्री पौर्णिमा येते. त्या दिवशी जोतिबाच्या डोंगरावर लोक देवाला दवणा वाहतात. कन्नड मुलखात तर ह्या पौर्णिमेला दवण्याचीच पौर्णिमा, दवनद हुण्णिमे, म्हणतात. ह्याच दिवशी आपण शरणी अक्कमहादेवींची जयंती साजरी करतो.

आपण त्या दिवशी अक्कांच्या प्रतिमेला हार घालतो, वचने गातो, प्रसाद घेतो आणि घरी येतो. पण आपल्यापैकी किती जणांनी त्या दिवशी दाराबाहेरच्या झाडाकडे पाहिले आहे? अक्कांच्या वचनांत कोकीळ आहे, राघू आहे, मोर आहे, भुंगा आहे, हत्ती आहे, रेशमाचा किडासुद्धा आहे. हे सारे शोभेसाठी आलेले नाही. ज्या बाईने घरदार, राज्य आणि अंगावरचे वस्त्रही टाकले, तिच्याजवळ शेवटी हेच सोबती उरले होते. म्हणून ह्या चैत्रात अक्कांचे चरित्र त्यांच्या वनासह आपण पुन्हा एकदा पाहू या.

कर्नाटकातल्या आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यात शिकारीपूर तालुक्यात उडुतडी नावाचे गाव आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या गावी निर्मलशेट्टी आणि सुमती ह्या शिवभक्त दांपत्याच्या पोटी महादेवीचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. अल्लमप्रभूंचे नाव ज्या बळ्ळिगावीशी जोडले जाते, ते गावही ह्याच तालुक्यातले. हा मुलूख मलनाडाच्या कडेचा. पश्चिमेला दाट जंगलाचे डोंगर, पूर्वेला हळूहळू उघडे होत जाणारे माळ. तळी, आमराया आणि भातखाचरे ह्यांच्यामध्ये ही मुलगी वाढली. लहानपणीच तिला गुरूंकडून इष्टलिंगाची दीक्षा मिळाली. श्रीशैलाचा चेन्नमल्लिकार्जुन हाच आपला पती, असा भाव तिच्या मनात तेव्हाच रुजला.

ह्या नावाकडे थोडे लक्ष द्या. चेन्न म्हणजे सुंदर, मल्लिका म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे फूल आणि अर्जुन म्हणजे पांढरा शुभ्र. अर्जुन नावाचा वृक्षही आहे, ज्याला आपण अर्जुनसादडा म्हणतो. मोगरा फुलतो तो वसंतापासून पुढे उन्हाळाभर. तेव्हा महादेवीने आपल्या प्रत्येक वचनाच्या शेवटी जी मुद्रिका ठेवली, तिच्यातच हे ऋतूचे फूल आहे. दुसरे शरण आपल्या देवाला नदीच्या संगमावरून किंवा गुहेवरून हाक मारतात. बसवण्णांचा देव कूडलसंगम, अल्लमप्रभूंचा देव गुहेश्वर. महादेवीने हाक मारली ती फुलाच्या नावाच्या देवाला.

पुढची कथा आपणांस ठाऊक आहे. त्या भागाचा राजा कौशिक ह्याने महादेवीला पाहिले आणि तो तिच्यावर मोहित झाला. तो शिवभक्त नव्हता. आईबापांवर राजसत्तेचे दडपण आले. महादेवीने अटी घातल्या: मी माझ्या इच्छेप्रमाणे लिंगपूजा करीन, माहेश्वरांच्या संगतीत राहीन, गुरुसेवेत राहीन आणि त्यात तू आड यायचे नाही. राजाने अटी मानल्या आणि मोडल्या. इथे चरित्रकारांत मतभेद आहे. महाकवी हरिहराने रचलेल्या रगळेत विवाह झाला असे येते. पंधराव्या शतकातल्या चामरसाच्या प्रभुलिंगलीलेत मात्र विवाह झालाच नाही, त्याआधीच महादेवी निघून गेली असे येते. कोणते खरे हे ठरवण्याच्या वादात न पडता दोघेही जे एकमुखाने सांगतात ते आपण धरून ठेवावे. राजाने वचन मोडले आणि महादेवी राजवाड्याबाहेर पडली. जाताना तिथली म्हणून जी जी वस्तू होती ती तिने तिथेच टाकली. दागिने टाकले, वस्त्रेही टाकली. आपल्या लांब केसांनी अंग झाकून ती वाटेला लागली.

वाचकहो, ह्या प्रसंगावर बोलताना आपण अवघडतो. प्रवचनकारही घाईने पुढे सरकतात. पण तुम्ही फाल्गुनात कधी पळस पाहिला आहे काय? पळसाला पाने तीनच असे आपण नेहमी म्हणतो. पण ज्या दिवसांत तो खरा फुलतो तेव्हा त्याच्यावर ती तीनही नसतात. आधी सारी पाने गळतात, झाड उघडे होते आणि त्याच उघड्या फांद्यांवर केशरी फुले पेटतात. पाने असती तर ती फुले इतक्या दुरून दिसली नसती. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी मधासाठी लांबून येतात ते ह्या उघडेपणामुळेच. पानगळीला कोणी निर्लज्जपणा म्हणत नाही. झाडाने आता काय राखायचे आणि काय सोडायचे हे ओळखले, एवढाच त्याचा अर्थ. महादेवीचा त्याग हा असा होता. तिने देहाचा द्वेष केला नाही. देहावर ज्याने मालकी सांगितली त्याचे पांघरूण तिने परत केले.

उडुतडी ते कल्याण हे अंतर शेकडो मैलांचे. बाई तरुण, एकटी, वाटेत अरण्य आणि अरण्याहून भयंकर अशी माणसांची गावे. भुकेला भिक्षा, तहानेला तळी-विहिरी, निजायला पडकी देवळे, असा तिचा प्रवास तिच्याच वचनांवरून आपल्याला कळतो. डोंगरावर घर बांधून श्वापदांना भ्यायचे कशाला, असा तिचा विचार होता. ह्याचा अर्थ तिला कधी भीती वाटली नाही असा करू नये. जिला भीती ठाऊकच नाही ती भीतीवर वचन कशाला रचील? तिने भीतीला उत्तर शोधले, म्हणून ते वचन आपल्याही उपयोगी पडते.

कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. बाराव्या शतकाच्या मध्याला बसवण्णांच्या प्रेरणेने तिथे अनुभवमंटप भरत होता. चांभार, न्हावी, धोबी, नावाडी, ब्राह्मण, राजसेवक एका बैठकीवर बसून अनुभवाची चर्चा करीत होते. ही बाई तिथे पोहोचली तेव्हा तिला सहज प्रवेश मिळाला नाही. शून्यसंपादनेत हा प्रसंग विस्ताराने आला आहे. किन्नरी बोम्मय्याने तिच्या वैराग्याची परीक्षा घेतली. मग खुद्द अल्लमप्रभूंनी भरसभेत प्रश्न विचारले. तुझा पती कोण? वस्त्र टाकलेस, मग केसांचा आडोसा कशाला? देहभाव गेला असेल तर झाकायचे ते काय?

प्रश्न बोचरा होता आणि न्याय्यही होता. महादेवीने त्याला जे उत्तर दिले ते तिने शास्त्रातून आणले नाही, झाडावरून आणले. फळ आतून पिकल्याशिवाय वरच्या सालीचा रंग जात नाही, असे तिने सांगितले. आणि माझ्या देहाच्या दर्शनाने तुमच्यापैकी कोणाचे मन दुखावू नये म्हणून हे केस आहेत, असेही तिने सांगितले. पाहा, ह्या उत्तरात केवढा विनय आहे. मी पूर्ण पिकले आहे असा दावा तिने केला नाही. पिकणे आतून बाहेर होते, एवढेच तिने सांगितले. आंबा आढीत घालणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला हे कळेल. बाहेरून रंग चढवलेले फळ कापल्यावर आंबट निघते.

त्या दिवसापासून वयाने लहान असूनही ती सर्वांची अक्का, म्हणजे थोरली बहीण, झाली. बसवण्णांनी, चेन्नबसवण्णांनी, अल्लमप्रभूंनी तिला ह्या नावाने गौरविले. म्हणून आपणही इथून पुढे त्यांना अक्काच म्हणू या.

आता एक शंका येईल. अक्कांना हवे होते ते सारे कल्याणात मिळाले होते. शरणांचा संग होता, मान होता, चर्चा होती. मग त्या तिथे का राहिल्या नाहीत? आणखी एक शंका अधिक अवघड आहे. शरणांनी स्थावरलिंगाची पूजा मानली नाही. तळहातावरचे इष्टलिंग हेच त्यांचे देऊळ. मग अक्का श्रीशैलाला, एका क्षेत्राला, कशासाठी गेल्या?

ह्याचे उत्तर त्यांच्या वाटेतच आहे. श्रीशैल आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठी नल्लमल डोंगरांत आहे. शतकानुशतके तिथे आपले लोक पायी जात आले. आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वर लहानपणी मल्लय्याला शोधीत तिकडेच धावले होते, अशी कथा राघवांकाने गाइली आहे. आजही पाडव्याच्या सुमारास कर्नाटकातून आणि महाराष्ट्रातून यात्रेकरूंचे जथे रानवाटेने तिथे पोहोचतात. बहुतेकांची यात्रा देवळाच्या शिखराशी संपते. अक्कांची तिथे संपली नाही. त्या देवळावरून पुढे कदळीवनात गेल्या. त्यांना दगडी गाभारा गाठायचा नव्हता. ज्याला हाक मारली त्याला समोरासमोर भेटायचे होते.

हे नल्लमलचे रान पानगळीचे आहे. माघ-फाल्गुनात ते वाळून उभे राहते. ऐन, तेंदू, मोह, बांबू ह्यांच्या खाली पाचोळ्याचा थर साचतो आणि त्यावरून साधी घोरपड गेली तरी मोठे जनावर आले असे वाटते. मग पळस आणि सावर फुलतात, मोहाची फुले पहाटे टपटप खाली पडतात, त्यांच्यावर अस्वले येतात. रानात वाघ आहे, बिबट्या आहे, सांबर आहे. 1983 साली ह्या जंगलात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. ह्याच रानात चेंचू लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. ते कड्यांवरचा मध काढतात आणि मल्लिकार्जुनाला चेंचू मल्लय्या म्हणतात. तो आपल्या मुलीचा नवरा, आपला जावई, असे ते मानतात. म्हणजे अक्का ज्याला पती म्हणत होत्या, त्याला ह्या रानातली माणसे जावई म्हणतात. नाते सांगण्याची रीत दोघांची एकच आहे.

ह्या वनात अक्कांनी पाखरांना विचारले. त्यांचे हे वचन प्रसिद्ध आहे. राघू, कोकीळ, भुंगे, हंस, मोर ह्यांना त्या एकेक करून आपल्या चेन्नमल्लिकार्जुनाचा ठाव विचारतात. ह्या वचनाला केवळ काव्य म्हणून सोडून देऊ नये. वसंतात कोकीळ ओरडतो तो नर असतो आणि तो आपल्या जोडीदारणीला बोलावीत असतो. भुंगा फुलापाशी गुणगुणतो तो मधाच्या ओढीने. मोराचे नाचणेही बोलावणेच आहे. सारे वन कोणाला तरी हाक मारीत असते. त्या हाकांच्या गर्दीत अक्कांना आपल्या हाकेचे सोबती दिसले. फरक एवढाच, की पाखरांची हाक पाखराला पोहोचली की थांबते. अक्कांची हाक कुठल्याही रूपापाशी थांबायला तयार नव्हती.

पाखरांनी उत्तर दिले काय? नाही. ह्या मौनाशी आपण जरा थांबले पाहिजे. आपल्यातले पुष्कळ जण रानात जातात, सुंदर सूर्योदय पाहतात आणि देव भेटला असे म्हणून परत येतात. अक्कांना इतके स्वस्तात देव भेटला नाही. दुसऱ्या एका वचनात त्यांना सारे वन, त्यातली झाडे, पशू, पक्षी हे सगळे तोच आहे असे दिसते. आणि तरीही त्या विचारतात की सर्वत्र भरलेला तू मला तोंड का दाखवीत नाहीस. पाहा, सृष्टीत देव भरला आहे हे कळूनही त्यांची तहान भागली नाही. जिथे आपली भक्ती समाधान पावून बसते, तिथून अक्कांची भक्ती सुरू होते.

वनातल्या प्राण्यांपासून त्या धडाही घेतात. रेशमाचा किडा आपल्याच लाळेचा धागा काढून आपले घर विणतो. तो एकच धागा कधी कधी जवळजवळ अर्ध्या मैलाचा भरतो. किडा त्यातच कोंडला जातो आणि रेशीम काढणारा तो कोष उकळत्या पाण्यात टाकतो. अक्कांनी ह्या किड्यात मनुष्याची वासना पाहिली. बाहेरून कोणी बांधीत नाही, आपण आपल्याच आवडीने बांधले जातो. उलट, कळपातून धरून आणलेला हत्ती आपल्या विंध्य पर्वताची आठवण काढतो, पिंजऱ्यातला राघू आपल्या साथीदाराची. त्यांच्यात अक्कांनी जीवाची घराकडची ओढ पाहिली. एक प्राणी आपण कसे अडकतो हे सांगतो. दुसरा, अडकलो तरी कोणाला विसरू नये हे सांगतो.

आणि शेवटी कदळी. कदळी म्हणजे केळ. केळीचे खोड लाकडाचे नसते, एकात एक गुंडाळलेल्या सोपटांचे असते. घड धरायची वेळ आली म्हणजे त्या सोपटांच्या आतून केळफूल वर येते. एकदा घड दिला की त्या खोडाचे काम संपते. वचनांचे भाष्यकार कदळी म्हणजे देह, मन आणि विषयांचे रान असा अर्थ सांगतात. ते रान जिंकले की तेच कदळीवन ऐक्याचे स्थान होते. अक्कांच्या आयुष्याकडे पाहा. माहेर सुटले, राजवाडा सुटला, वस्त्र सुटले, कल्याणातला मानही सुटला. एकेक सोपट गळाले. त्या कदळीत अक्का चेन्नमल्लिकार्जुनाशी एकरूप झाल्या, लिंगैक्य झाल्या. अल्लमप्रभूही पुढे त्याच कदळीत ऐक्य पावले असे परंपरा सांगते. अक्कांचे वय तेव्हा फार नव्हते. मागे साडेतीनशेहून अधिक वचने आणि योगांगत्रिविधी ही रचना राहिली.

आज श्रीशैलाच्या पाताळगंगेवरून जलाशयातून नावेने गेले की अक्कमहादेवींच्या नावाची गुहा लागते. निसर्गानेच घडवलेली दगडी कमान आहे आणि आत अंधारी, अरुंद वाट. शेवटी लिंग आहे. तिथे पोहोचायला माणसाला अंग चोरून, तिरके होऊन जावे लागते. जाताना बरोबर फार काही नेता येत नाही.

वाचकहो, ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे? सर्वांनी घर सोडून रानात जावे असे अक्कांचे सांगणे नव्हे. कल्याणातले बहुतेक शरण कायक करीत, संसारात राहूनच तरले. पण तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, आपल्या पूजेची. उद्या सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन बसाल तेव्हा खिडकीबाहेर कोकीळ ओरडेल. चित्त विचलित झाले म्हणून तिच्यावर रागावू नका. ती कोणाला तरी बोलावीत आहे. तुम्हीही बोलावीत आहात. तिच्या हाकेत जेवढी ओढ आहे तेवढी आपल्या मंत्रात आहे काय, एवढे फक्त स्वतःला विचारा.

दुसरी, मुक्या जीवांची. अक्कांचे वचन गायचे आणि ओसरीवर पिंजऱ्यात राघू टांगायचा, हे एकत्र बसत नाही. वन्यजीवांच्या 1972 च्या कायद्याने तो गुन्हा आहे हे खरे. पण शरणाला कायद्याची वाट पाहावी लागू नये. उन्हाळ्यात एक मातीचे भांडे पाण्याने भरून कुंपणावर ठेवा. ज्या पाखरांना अक्कांनी आपल्या देवाचा पत्ता विचारला, त्यांचीच ती पिल्ले आहेत. हाही दासोहच होय.

तिसरी सर्वांत अवघड, आणि ती घरातली. कौशिक हा काही राक्षस नव्हता. त्याने प्रेम केले, अटी मान्य केल्या आणि मग विसरला. आपल्या घरातली मुलगी किंवा सून काही मागते. शिकायचे म्हणते, अमुक ठिकाणी लग्न नको म्हणते, थोडा वेळ एकटीने पूजेला बसू द्या म्हणते. आपण हो म्हणतो. आणि चार महिन्यांनी विसरतो. दवण्याच्या पुनवेला अक्कांच्या प्रतिमेला हार घालताना, गेल्या वर्षभरात आपण घरात कोणाला दिलेला कोणता शब्द मोडला हे एकदा आठवून पाहा. तो शब्द आज पुन्हा पाळला, तर अक्कांची जयंती साजरी झाली असे समजावे.

मग दाराबाहेर या. कडुनिंबाखाली मोहोर सांडलेला असेल. त्याचा कडवट गोड वास घ्या, आणि मनातल्या मनात अक्कांना शरणु म्हणा.

शरणु शरणार्थी.